नवा लॅपटॉप जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही? आधी हे बघा

"भावजी, लॅपटॉप घेतल्यावर किती दिवसांत परत करता येतो हो?"

जुलैतला शनिवार, सकाळचे साडेनऊ, फोनवर वहिनी. त्या एका सीएंच्या ऑफिसात ऑडिटचं काम बघतात, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस क्लायंटकडेच असतात. त्या आठवड्यात मुंबईत मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका व्यापाऱ्याकडे होत्या. बसायला पोटमाळा, खाली मिरचीची पोती, प्लग एकच आणि त्यावर पंखा. लॅपटॉप लावायचा तर पंखा बंद, पंखा हवा तर लॅपटॉप बॅटरीवर. तीन आठवड्यांपूर्वीच दादाने लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून नवा कोरा लॅपटॉप आणला होता आणि दुकानदाराने बारा तास चालेल म्हणून सांगितलं होतं. रात्री पूर्ण चार्ज करून बॅगेत टाकला, मस्जिदला उघडला तर ६२ टक्के, आणि जेवायच्या आत बंद.

"बारा तास राहू देत, चार मिळाले तरी मी देवाला नारळ फोडीन," वहिनी म्हणाल्या.

मी दादरला एका क्लासमध्ये हार्डवेअर शिकवतो. जून-जुलैत ॲडमिशनच्या मोसमात ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येते. मशीन वेगळं, माणूस वेगळा, रडगाणं तेच. म्हणून वहिनींच्या लॅपटॉपचं नेमकं काय झालं आणि ते कसं सापडलं, हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. विंडोज ११ धरून लिहिलंय. विंडोज १० वर नावं थोडी इकडेतिकडे होतील, पण रस्ता तोच.

आधी हे लक्षात घ्या की त्यांच्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या. रात्री शंभर टक्के असलेली बॅटरी सकाळी ६२ झाली, म्हणजे लॅपटॉप बंद असताना गळती. आणि ६२ टक्क्यांवर दोन तासही निघाले नाहीत, म्हणजे चालू असताना उधळपट्टी. दोन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. "बॅटरी टिकत नाही" एवढंच म्हणून दुकानात गेलात तर तिथला मुलगा लॅपटॉप चार्जरला लावून "चालतोय की" म्हणणार आणि तुम्ही परत येणार.

दोन आकडे काढा

गच्चीवरची पाण्याची टाकी किती तास पुरेल असं कोणी विचारलं, तर आपण विचारू की नळ किती सोडलाय? लॅपटॉपचंही तसंच. टाकी किती मोठी आहे ते वॉट-अवरमध्ये मोजतात आणि नळ किती सुटलाय ते वॉटमध्ये. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तास. साधे पातळ लॅपटॉप ४० ते ६० वॉट-अवरचे असतात. वहिनींची बॅटरी ५२ वॉट-अवरची. दुकानदाराचे बारा तास खरे व्हायचे तर मशीनने सव्वाचार वॉटच्या आसपासच खायला हवं, आणि तेवढ्यात नुसता स्क्रीन नीट उजळवायचा म्हटला तरी कसरत होते. खोक्यावरच्या आकड्याच्या आधी छोट्या अक्षरांत "अप टू" असतं ते उगीच नाही. स्क्रीन मंद, वायफाय बहुधा बंद, डिस्कवरचाच एखादा व्हिडिओ फिरतोय, अशा अवस्थेत तो काढलेला असतो. चौदा टॅब, हिशेबाचं टॅली, एक्सेल आणि टीम्सवरची मीटिंग त्या हिशेबात नसते.

हे दोन्ही आकडे विंडोज फुकटात देतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, उजवं क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: पॉवरला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता. एंटर मारलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा.

वरच्या भागात तीन ओळी महत्त्वाच्या. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेली क्षमता, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज प्रत्यक्ष मावतंय तेवढं, आणि सायकल काउंट म्हणजे बॅटरी आतापर्यंत किती वेळा पूर्ण भरून रिकामी झाली. अर्धी-अर्धी दोनदा वापरली तर एक सायकल. वहिनींच्या लॅपटॉपवर डिझाइन ५२,५०० मिलीवॉट-अवर (हजार मिलीवॉट-अवर म्हणजे एक वॉट-अवर), फुल चार्ज ५१,८४० आणि सायकल ९. बॅटरी ठणठणीत होती. परत करण्याचा विषय तिथेच संपला.

थोडं खाली गेलं की बॅटरी यूसेजचा तक्ता येतो. किती वाजता सुरू, किती वेळ, किती मिलीवॉट-अवर गेले. शुक्रवारची ओळ होती: १०:४० ते १२:१०, दीड तास, ३०,००० मिलीवॉट-अवर. म्हणजे २० वॉट. एक्सेल आणि टॅलीला २० वॉट? एवढ्यात माझ्या घरी एलईडीची नळी लागते. ५२ ला २० ने भागा, अडीच तासांच्या जरा वर. पोटमाळ्यावरचं गणित बरोब्बर जुळलं.

हा भागाकार प्रत्येकाने एकदा करून बघावा. साध्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम करताना आकडा ५ ते १० वॉटच्या दरम्यान येत असेल तर मशीनची काही चूक नाही, तुमची टाकीच लहान आहे. १५ च्या वर जात असेल तर काहीतरी विनाकारण चालू आहे आणि ते शोधून काढता येतं.

फक्त एक सांभाळा. लॅपटॉप घेतल्यावरचे पहिले चार-पाच दिवस हा हिशेब मांडू नका. त्या दिवसांत विंडोजचे अपडेट उतरत असतात, फायलींची सूची बनत असते, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह तुमचे जुने फोटो खाली ओढत असतं, शिवाय दुकानातून येताना सोबत आलेला ट्रायलचा अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळत बसलेला असतो. लॅपटॉप दोन रात्री चार्जरवर वायफायला जोडून, झोपू न देता चालू ठेवा, त्याची वऱ्हाडाची घाई उरकू द्या, मग मोजा.

अथर्वचा पराक्रम

रविवारी मुलुंडला दादाकडे गेलो. तिथे गेल्यावर पहिलं कळलं ते हे की दादाने लॅपटॉप वहिनींच्या नावाने घेतला असला तरी निवडला होता अथर्वने. अथर्व माझा पुतण्या, अकरावीत. त्यामुळे ऑडिटच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा स्क्रीन आणि कळफलकाखाली रंगीत दिवे. वजन अडीच किलोच्या घरात, चार्जर विटेएवढा. वहिनी तो रोज लोकलच्या गर्दीतून मस्जिदला नेत होत्या.

अशा लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणारे दोन विभाग असतात. एक प्रोसेसरच्या पोटातला, काटकसरी. दुसरा वेगळा, खेळांसाठीचा, खादाड. एक्सेल उघडलं असताना दुसऱ्याने गाढ झोपायचं असतं. पण बऱ्याच गेमिंग मॉडेलमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये एक खटका असतो: हायब्रीड मोड, किंवा ऑप्टिमाइज्ड, किंवा नुसतं "ग्राफिक्स मोड". खेळात आणखी चार फ्रेम मिळाव्यात म्हणून मुलं तो "फक्त डिस्क्रीट", म्हणजे फक्त वेगळं कार्ड, यावर ठेवतात. मग पडद्यावर काहीही दाखवायला खादाड कार्डच लागतं, आणि ते झोपतच नाही.

खटका तिथेच होता. मी हायब्रीड केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, चार्जर काढला आणि दादाला म्हटलं, "झालं, चहा टाक." एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बॅटरीच्या भागात चार्ज रेट म्हणून त्या क्षणीचे वॉट दिसतात. चहा येईस्तोवर आकडा १८ वर. चहा संपला तरी १८. दादा काही बोलला नाही, पण ज्या नजरेने त्याने कप उचलला ती मला लहानपणापासून ओळखीची आहे.

चूक माझी होती. खटका बदलला म्हणजे कार्डला झोपायची परवानगी मिळाली. पण कोणी त्याला सतत काम देत असेल तर ते झोपणार कसं? टास्क मॅनेजरमध्ये मी प्रोसेसरचा रकानाच बघत बसलो होतो आणि तिथे सगळं शांत. कार्ड बनवणाऱ्या एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, वरच्या डेस्कटॉप मेनूत, "डिस्प्ले जीपीयू ॲक्टिव्हिटी आयकॉन" असा एक पर्याय असतो. त्यावर खूण केली की खाली घड्याळाजवळ एक छोटं चित्र येतं आणि त्यावर क्लिक केलं की कार्ड कोण वापरतंय त्यांची नावं दिसतात. दोन नावं आली. एक गेमचा लाँचर, जो लॅपटॉप सुरू होताच आपोआप उठत होता. दुसरं, हलता वॉलपेपर.

डेस्कटॉपवर रात्रीच्या रस्त्यावरून एक गाडी अखंड धावत होती, मागे निऑनच्या पाट्या. वहिनींना तो कंपनीचाच वॉलपेपर वाटला होता. "छान आहे की, मी कशाला बदलू?" एक्सेल पूर्ण पडद्यावर असतानाही ती गाडी मागे पळतच होती, आणि तिचं पेट्रोल वहिनींच्या बॅटरीतून जात होतं.

वॉलपेपरचं ॲप काढलं, लाँचर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समधून बंद केला. पाच मिनिटांत आकडा ११ वर आला. दादाने दुसरा चहा स्वतःहून टाकला.

मग राहिलेलं झटपट उरकलं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १४४ हर्ट्झचे ६० केले. ताळेबंद काही सेकंदाला १४४ वेळा बघायची गोष्ट नाही. प्रकाश शंभरवरून पंचावन्नवर. पॉवर अँड बॅटरीमध्ये पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशियन्सी". कळफलकाचे दिवे बंद. आकडा ९ च्या आसपास स्थिरावला, म्हणजे साडेपाच तासांच्या वर. साध्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला यातले शेवटचे उपायच लागू पडतील आणि फरकही कमी पडेल. तिथे गुन्हेगार बहुधा ब्राउझर असतो. पॉवर अँड बॅटरीमध्येच बॅटरी यूसेज उघडलं की कुठल्या ॲपने किती टक्के खाल्ले ते दिसतं. क्रोम आणि एज दोन्हींत ऊर्जा वाचवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, ती चालू करा, आणि व्हॉट्सॲप, टीम्स, संगीताची ॲपं गरज नसताना स्टार्टअपला ठेवू नका.

झोप की झोपेचं सोंग

आता रात्रीची गळती. रात्री साडेदहाला शंभर, सकाळी नऊला ६२. बॅगेत हात घातला तर लॅपटॉप कोमट, असं वहिनींनी सांगितलं तेव्हाच अंदाज आला होता.

पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप खरंच झोपायचा. मेमरी तेवढी जिवंत, बाकी सगळं बंद. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये त्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलंय. कल्पना मोबाइलची: मिटलेला असतानाही मेल घ्यावी, अपडेट बघावेत, उघडताक्षणी तयार असावं. नीट चाललं तर रात्रीत थोडेच टक्के जातात. पण एखादं ॲप, एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), यूएसबीला विसरलेली माउसची पिन, कोणीतरी त्याला मधूनमधून उठवत राहतं आणि लॅपटॉप मिटल्या डोळ्यांनी जागरण करतो.

तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते बघायला त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी /ए. उत्तरात "एस झिरो लो पॉवर आयडल" उपलब्ध दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. मग पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी. याचीही फाइल बनते. त्यात प्रत्येक झोपेची एक ओळ, किती वेळ आणि किती बॅटरी गेली ते, आणि ओळ उघडली की "टॉप ऑफेंडर्स" म्हणून जागं ठेवणाऱ्यांची यादी. नाव मोठं झकास दिलंय.

वहिनींच्या यादीत नेटवर्कचं कार्ड वरच्या क्रमांकावर होतं. पण मला खरी गंमत त्यांची सकाळ बघून कळली. सोमवारी मुद्दाम तिथेच राहिलो. सकाळी सव्वासात. कुकरची तिसरी शिट्टी, अथर्वचा डबा, आणि चालता चालता वहिनींनी आधी झाकण मिटलं, मग चार्जर उपसला, मग लॅपटॉप बॅगेत. रात्रीही हाच क्रम असायचा. काही लॅपटॉप याच क्रमाला फसतात. चार्जरवर असताना झोपलेलं मशीन आपण विजेवरच आहोत या समजुतीत राहतं आणि बॅगेत गेल्यावरही कामं करत बसतं. आधी चार्जर काढा, दोन सेकंद थांबा, मग झाकण मिटा. पैसा लागत नाही, आणि अनेकांची निम्मी गळती यानेच थांबते.

उरलेली थांबवायची तर झोपेवर विश्वासच ठेवू नका, हायबरनेट करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ". तिथे ऑन बॅटरीच्या रकान्यात झाकण मिटल्यावर हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन असं टाइप केलं की दिसू लागतं. यात उघडलेलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. उघडताना वीस-तीस सेकंद जास्त लागतात. पण सकाळी जितकं सोडलं तितकंच मिळतं, आणि बॅग गरम होत नाही.

बॅग गरम होण्याला आपल्याकडे जरा जास्तच वजन आहे. पावसाळ्यात आपण काय करतो? लॅपटॉप आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, मग ती बॅगेत, बॅगेवर रेनकव्हर, आणि बॅग लोकलच्या गर्दीत छातीशी. आत मशीन जागं असेल तर गरम हवेला जायला फट नाही. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. गरम आणि पूर्ण भरलेली राहिली की ती लवकर म्हातारी होते. जुलैत प्लॅस्टिक हवंच, त्याला इलाज नाही. म्हणून हायबरनेट.

एक छोटी गळती आणखी असते. काही लॅपटॉपच्या एका यूएसबी पोर्टवर विजेचं चिन्ह असतं. लॅपटॉप बंद असतानाही त्यातून मोबाइल चार्ज होतो. वापरत नसाल तर कंपनीच्या ॲपमधून किंवा बायोसमधून (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधून) ते बंद करा.

जे ऐकून सोडून द्यायचं

दुकानदाराने बिलाच्या मागे पेनाने लिहून दिलं होतं: पहिल्यांदा ८ तास चार्ज करणे. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळातला. सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ साली, तीसहून जास्त वर्षं झाली, तरी लॅमिंग्टन रोडवर अजून निकेलचे नियम चालतात. लिथियमला जुन्या वापराची स्मृती नसते. भरली की सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं. दर वेळी शून्यापर्यंत उतरवायचीही गरज नाही, उलट त्याने नुकसानच.

"माझी ८० टक्क्यांवरच अडकते, खराब आहे," ही तक्रार तर मला दर महिन्याला येते. ती खराब नसते. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये ८० वर थांबायची सोय असते आणि ती कधी आधीपासून चालू असते. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला असेल तर ती चालूच ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेर जायचं असेल तर आदल्या रात्री बंद करा.

आणि २० टक्के दिसत असताना मशीन एकदम बंद पडत असेल तर बहुधा मोजणाऱ्या सर्किटचा अंदाज चुकलाय. एकदा शंभर टक्के भरून, आपोआप बंद होईपर्यंत वापरून, पुन्हा सलग पूर्ण भरा. दोन महिन्यांतून एकदा पुरे. एवढं करूनही तेच होत राहिलं तर मात्र बॅटरीकडे बघावं लागेल.

पॉवर बँकेचं वहिनींनी विचारलंच. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. वाटेतला तोटा धरला तरी साध्या लॅपटॉपला एकदा भरायला पुरते. पण टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग घेणारा लॅपटॉप हवा आणि पॉवर बँकेवर पीडी (म्हणजे पॉवर डिलिव्हरी), ६५ वॉट किंवा जास्त, असं लिहिलेलं हवं. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर लावून "चार्ज होत नाही" म्हणण्यात अर्थ नाही, ९ वॉट खाणारं मशीन त्यावर रडतखडत भरतं. वहिनींचा लॅपटॉप विटेच्या गोल पिनवर चालणारा, त्याच्या टाइप-सीला चार्जिंगच नाही. त्यामुळे तो प्रश्न मिटला.

खरंच खराब असेल तेव्हा

असतेही. माझ्या एका विद्यार्थिनीने महिनाभरापूर्वी घेतलेल्या "नव्या" लॅपटॉपचा रिपोर्ट दाखवला तर सायकल काउंट १४० आणि फुल चार्ज डिझाइनच्या तीन चतुर्थांशावर. तो डेमो पीस असणार किंवा परत आलेला. खोकं नवं, आतला माल जुना. फुल चार्जचा आकडा पहिल्या काही महिन्यांतच डिझाइनच्या पंधरा-वीस टक्के खाली गेला असेल, किंवा सायकल तुमच्या वापराशी जुळत नसेल, तर भांडायला आधार आहे. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, तळ टेबलावर डुगडुगतोय, असं दिसलं तर भांडण नंतर; आधी चार्जर काढा, वापर थांबवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायला जाऊ नका.

बॅटरीची वॉरंटी अनेकदा लॅपटॉपच्या वॉरंटीपेक्षा वेगळी, बहुधा एकच वर्षाची असते, मग मशीनला तीन वर्षं का असेना. आणि इथे मुंबईकर हमखास फसतो. आपल्याकडे लाइट जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई काही तास अंधारात गेली तेव्हा कित्येकांना आपला लॅपटॉप बॅटरीवर किती चालतो ते पहिल्यांदा कळलं. लॅपटॉप वर्षभर चार्जरला असतो, बॅटरी तपासायची वेळच येत नाही, आणि ती मेलेली सापडते तेव्हा वॉरंटी उलटून दोन महिने झालेले असतात. म्हणून घेतल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक रिपोर्ट, आणि वर्ष संपायच्या महिनाभर आधी एक. दोन्ही फायली जपून ठेवा, त्यांवर तारीख असते.

सर्व्हिस सेंटरला जाताना जीएसटीचं बिल, दोन्ही रिपोर्टच्या प्रती, आणि तोंडी नको, लेखी तक्रार. जॉबशीटवर "बॅटरी बॅकअप कमी" एवढंच लिहू देऊ नका, दोन्ही आकडे लिहायला लावा. तरी "सॉफ्टवेअर प्रॉब्लेम आहे" म्हणून परत पाठवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगाकडे जायचं झालं तर तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण माझा अनुभव असा की आकडे समोर ठेवले की निम्म्या वेळा काउंटरवरच सूर बदलतो.

पुढचा फोन ऑगस्टच्या शेवटी आला. "भावजी, परत गरम." मी विचारायच्या आत त्यांनीच रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता. सायकल ३१, फुल चार्ज ५१,५००, आणि तक्त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ: दोन तासांत ३८,००० मिलीवॉट-अवर.

"एकोणीस वॉट," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे ते ग्राफिक्सचंच ना? शनिवारी रात्री हा खेळत बसला होता, खटका तसाच ठेवून झोपला." मग फोन तोंडापासून लांब नेऊन, "अथर्व! इकडे ये जरा."